वडिलांची टॅली असलेल्या लॅपटॉपवर उबुंटू टाकताना

प्रश्न तासगावच्या एका विद्यार्थ्याचा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरात लॅपटॉप एकच. 512 जीबीची एसएसडी, 8 जीबी रॅम, विंडोज 11. त्याच लॅपटॉपवर वडील बेदाण्याच्या अडतीचे हिशेब टॅलीत ठेवतात. कॉलेजात लिनक्सवर प्रॅक्टिकल सुरू झालीत आणि होस्टेलवरचा सीनियर म्हणतोय, "अर्ध्या तासात टाकून देतो." त्याचं विचारणं असं: विंडोज तसंच ठेवून शेजारी उबुंटू (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमचाच एक प्रकार) टाकता येईल का, किती जागा द्यावी, आणि टॅलीचा डेटा जाईल का?

येतं टाकता. सीनियर म्हणतोय तसं अर्ध्या तासातही होतं. सांगलीत विश्रामबागला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. उबुंटूच्या सीडी पोस्टानं फुकट घरी यायच्या, त्या काळापासून मी हे करतोय. तरीही तुझा तिसरा प्रश्न मी पहिला घेणार आहे. कारण तुझी खरी अडचण लिनक्स बसवण्याची नाहीच. ज्या डिस्कवर तू प्रयोग करणार आहेस तिच्यावर दुसऱ्या माणसाची खातेवही आहे, आणि त्या माणसाला तू काय करतोयस हे कळणार नाही. तो फक्त "झालं का रे?" एवढंच विचारणार.

पलूसकडच्या एका कृषी सेवा केंद्राची गोष्ट सांगतो. मालकांच्या पुतण्यानं असंच लिनक्स टाकलं. एका स्क्रीनवर "इरेज डिस्क" निवडलं गेलं. त्याला वाटलं, डिस्क म्हणजे आपण मोकळी केलेली जागा. चार वर्षांची उधारी त्यात होती. मालक माझ्याकडं आले तेव्हा त्यांच्या हातात लॅपटॉप आणि कापडी पिशवीभर बिलबुकं होती. मी डिस्क वाचून बघितली, मग पुण्याला डेटा रिकव्हरीवाल्याकडं पाठवली, दोन आठवड्यांनी ती जशीच्या तशी परत आली. पुढचे तीन महिने ते आणि त्यांच्या सूनबाई रोज रात्री बिलबुकांवरून उधारी पुन्हा लिहीत बसायचे.

इथं एक गोष्ट नीट समजून घे, कारण जुन्या लोकांचा अनुभव आता उपयोगाचा राहिलेला नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर चुकून फॉरमॅट मारला तरी बराचसा डेटा आत शिल्लक असायचा. 2019 च्या महापुरात पाण्याखाली गेलेल्या डिस्कासुद्धा आम्ही धुऊन, वाळवून दिल्यात आणि त्यातल्या काही वाचल्या. एसएसडीत तसं नसतं. फॉरमॅट होताना सिस्टम डिस्कला कळवते की आता हे कप्पे रिकामे समज. याला ट्रिम म्हणतात. मग डिस्क आपल्या सवडीनं ते कप्पे खरोखर पुसून टाकते. लिनक्सचं एक्स्ट-4 फॉरमॅटही हा निरोप आपोआप देतं. त्यातून विंडोजनं डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर जे काही उरलं असेल तेही वाचता येत नाही. म्हणून "काय नाय होत, रिकव्हर होतंय" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

तर पहिलं काम बॅकअप. टॅलीप्राइममध्ये वरच्या "डेटा" मेनूत बॅकअप आहे, तिथून घे. शिवाय डेटाचा अख्खा फोल्डरही कॉपी कर. तो कुठं आहे ते कंपनी निवडायच्या स्क्रीनवर मार्गासकट दिसतं. आणि कॉपी डी ड्राइव्हवर ठेवू नकोस. हे मी रोज बघतो: लोक म्हणतात, "साहेब, बॅकअप आहे की डी ला." सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं आहेत. डिस्क गेली की दोन्ही गेली. कॉपी पेनड्राइव्हवर घे, दुसरी गुगल ड्राइव्हवर टाक. मग तो पेनड्राइव्ह दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला लाव, तिथं टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघड (लायसन्स लागत नाही, फक्त आवृत्ती जुनी नको), बॅकअप रिस्टोअर कर आणि वडिलांना दाखव. त्यांनी केलेली शेवटची पट्टी (माल विकल्याचा हिशेब) नीट दिसली, आकडा जुळला, तर बॅकअप झाला असं समज. टॅलीबरोबर आणखी काय आहे तेही त्यांनाच विचार. घरातल्या लग्नाचे फोटो, बँकेची कागदपत्रं, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेले अर्ज. हे सगळं डेस्कटॉपवर पडलेलं असतं आणि कुणाच्या यादीत नसतं.

दुसरं काम 48 आकड्यांचं. विंडोज 11 चे बरेचसे नवे लॅपटॉप डिस्क आपोआप कुलूपबंद करून येतात. होम आवृत्तीत याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, प्रो मध्ये बिटलॉकर. 24एच2 या आवृत्तीपासून तर नव्यानं विंडोज टाकलं आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की हे बहुतेक चालूच होतं. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. पण तू बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टम सुरू होऊ देणारी सोय) बदललंस, बूटचा म्हणजे कशावरून सुरू व्हायचं त्याचा क्रम हलवलास की लॅपटॉपला संशय येतो आणि निळ्या स्क्रीनवर तो रिकव्हरी की मागतो: सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. आता खरी गोम अशी की ते खातं कुणाचं? आमच्या भागात लॅपटॉप घेताना दुकानदारच घाईघाईत सेटअप करून देतो, कधी स्वतःच्या ईमेलवर, कधी जागच्या जागी उघडलेल्या ईमेलवर. पासवर्ड कुणालाच आठवत नाही. माझ्याकडं असे लॅपटॉप येतात ज्यांची डिस्क ठणठणीत आहे, डेटा आत आहे आणि दार उघडत नाही. त्यांना मी काहीही करू शकत नाही.

म्हणून आजच सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडून कोणता ईमेल दिसतो ते बघ. त्या खात्यात वेबवरून लॉगिन होतंय का, तिथं तुझ्या लॅपटॉपची रिकव्हरी की दिसतेय का, हे तपास. दिसली की कागदावर लिहून घे. त्या पानावर की शेजारी एक ओळख क्रमांकही असतो, तोही लिही, कारण निळी स्क्रीन तोच क्रमांक दाखवते आणि दोन-तीन कीज असतील तर त्यावरूनच ओळखावं लागतं. मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद कर. चार्जर लावून ठेव, कुलूप उघडायला डिस्कच्या आकाराप्रमाणं वेळ लागतो. हे केलं नाहीस तर उबुंटूचा इन्स्टॉलर "विंडोजच्या शेजारी टाका" हा पर्यायच दाखवत नाही. घाबरलेली पोरं मग उरलेला पर्याय दाबतात, आणि तो उरलेला पर्याय "इरेज डिस्क" असतो. पुतण्याचं तेच झालं होतं.

इथं थोडं थांबून विचार कर की तुला हे दोन्ही शेजारी हवंच आहे का. ते तुझ्या अभ्यासक्रमावर आहे. सी, पायथन, शेलच्या आज्ञा, गिट एवढंच असेल तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल पुरतं. पार्टिशनला (डिस्कच्या पाडलेल्या भागांना) हात लावावा लागत नाही, एका आज्ञेत बसतं, नको झालं तर काढून टाकता येतं. व्हर्च्युअल मशिन (विंडोजच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) मात्र 8 जीबी रॅमवर मी सुचवणार नाही. विंडोज स्वतःच तीन-चार जीबी खातं, उरलेल्यात दुसरी अख्खी सिस्टम घुसमटते आणि मुलं समजतात लिनक्सच हळू आहे. ऑपरेटिंग सिस्टम्सच्या विषयात कर्नल मॉड्यूल (सिस्टमच्या गाभ्यात चालणारा प्रोग्राम) लिहायचं असेल, ड्रायव्हर, नेटवर्किंग, यूएसबीला जोडलेले बोर्ड हाताळायचे असतील, किंवा तुला लिनक्स मनापासून शिकायचं असेल, तर खरं बसवलेलं लिनक्स हवं. लिनक्स शिकायला त्यात राहावं लागतं. खिडकीतून डोकावून ते येत नाही, हे माझं मत आहे.

आणखी एक गोष्ट परिस्थितीवर आहे. तुझ्या मॉडेलमध्ये दुसरी एम-डॉट-टू जागा (एसएसडी बसवायची खाच) मोकळी आहे का ते दुकानात विचारून घे. असेल तर दुसरी छोटी एसएसडी टाकून लिनक्स तिच्यावर बसव. तुझ्या घरची परिस्थिती बघता माझी पहिली पसंती हीच. फक्त बसवताना विंडोजची डिस्क काढून ठेव, स्क्रू दोन-चारच असतात. कारण उबुंटूचे इन्स्टॉलर दुसरी डिस्क निवडली तरी बूटची फाइल पहिल्या डिस्कवर नेऊन ठेवतात, असं मी अनेकदा बघितलंय. मग पुढं विंडोजची डिस्क बदलली की लिनक्सही उठत नाही आणि कारण कळत नाही.

जागा नसेल, एकाच डिस्कवर करायचं असेल, तर पुढचं वाच.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये "फास्ट स्टार्टअप" बंद कर. विंडोज 8 पासून ही सोय आली. शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपतं, म्हणून सकाळी लवकर उठतं. अशा झोपलेल्या अवस्थेत लिनक्समधून त्याच्या पार्टिशनवर काही लिहिलंस तर विंडोज उठल्यावर त्याच्या आठवणीतलं घर आणि प्रत्यक्षातलं घर जुळत नाही, फायली खराब होतात. हल्लीचं लिनक्स सहसा असं पार्टिशन लिहायला देत नाही, नुसतं वाचू देतं. तरी बंदच कर. आणि माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो तेच तुला: लिनक्समधून सी ड्राइव्हमध्ये काही लिहूच नकोस. देवाणघेवाणीला पेनड्राइव्ह आहे.

मग जागा मोकळी कर, आणि ती विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कर. विंडोजचं पार्टिशन विंडोजनंच आकसावं, कारण हलवता न येणाऱ्या फायली कुठं आहेत ते त्यालाच माहीत. तुझ्या 512 जीबीच्या डिस्कवर विंडोज साधारण 476 दाखवेल. त्यातले 100 जीबी लिनक्सला दे. उबुंटू 24.04 ला स्वतःला 25 जीबी पुरतात, पण कंपायलर, पायथनची पॅकेजेस, एखादा अँड्रॉइड स्टुडिओ आला की साठ-सत्तर कुठं गेले ते कळत नाही. कधी विंडोज म्हणतं, 20 जीबीच देईन, वर भरपूर जागा मोकळी दिसत असूनही. तेव्हा हायबरनेशन आणि पेजफाइल (दोन्हींसाठी विंडोज डिस्कवर मोठ्या फायली राखून ठेवतं) तात्पुरतं बंद कर, जुने रिस्टोअर पॉइंट काढ, रिस्टार्ट करून पुन्हा बघ. मोकळी झालेली जागा तशीच काळी, "अनअलोकेटेड" राहू दे. तिला नवं ड्राइव्ह अक्षर देऊ नकोस.

ज्यावरून उबुंटू टाकायचं तो पेनड्राइव्ह किमान 8 जीबीचा घे. बॅकअपचा पेनड्राइव्ह यासाठी वापरू नकोस, तो पुसला जातो. हे सांगायला लागतं, कारण एका गिऱ्हाइकानं तसं केलंय. आवृत्ती एलटीएसच (जास्त वर्षं अपडेट मिळणारी) घे. 24.04 ला 2029 पर्यंत मोफत अपडेट आहेत, तुझी डिग्री होऊन नोकरीचंही एखादं वर्ष जाईल. लिनक्स मिंट घेतलंस तरी चालेल, विंडोजची सवय असलेल्याला ते सोपं पडतं. सुरू होताना बूट मेन्यूची बटणं कंपनीप्रमाणं वेगळी: डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ12, एचपीला एस्केप आणि मग एफ9, असूसला एस्केप. सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, उबुंटू त्याच्यासकट चालतं. पेनड्राइव्हवरून उघडलं की लगेच इन्स्टॉल दाबू नकोस. आधी नुसतं वापरून बघ: वायफाय दिसतंय का, आवाज येतोय का, टचपॅड, ब्राइटनेस. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू कर, इंटरनेट मिळतं आणि ड्रायव्हर त्यावरून उतरवता येतो.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये स्टोरेज "आरएसटी" किंवा "रेड" मोडमध्ये असतं. ते सरळ एएचसीआय या साध्या मोडला बदलू नकोस. विंडोजला आपली डिस्क ओळखता येत नाही आणि ते उठतच नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं लाव, मग रिस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदल, एकदा सेफ मोडमध्ये उठू दे, म्हणजे योग्य ड्रायव्हर ते स्वतः उचलतं, आणि नंतर सेफ मोड काढ. हा टप्पा लागलाच तर त्या रात्री थांब. दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्यानं कर.

आता ती एक स्क्रीन. पलूसचं काम जिथं बिघडलं ती. तिथं "इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर" दिसत असेल तर ते घे. दिसत नसेल तर मागं फिर आणि एन्क्रिप्शन खरंच बंद झालंय का बघ. स्वतः पार्टिशन करायचं असेल तर मोकळ्या 100 जीबीवर एकच एक्स्ट-4 पार्टिशन कर, माउंट पॉइंट तिरकी रेघ (/). वेगळं स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची जागा) आता लागत नाही, उबुंटू फाइल करून घेतं. आणि यादीत सुरुवातीलाच शंभर ते अडीचशे एमबीचं एक बारकं पार्टिशन दिसेल, फॅट32 चं. ते ईएफआय पार्टिशन. लॅपटॉप चालू होताना पहिलं तिथंच जातो. त्यात विंडोजचा एक फोल्डर आहे, उबुंटू शेजारी आपला दुसरा फोल्डर करतं, दोघं एकमेकांना धक्का लावत नाहीत. ते वापरायचं, पण त्याच्यासमोर फॉरमॅटची खूण असता कामा नये. शेवटचं बटण दाबण्याआधी इन्स्टॉलर काय-काय बदलणार आहे त्याची यादी दाखवतो. ती मोठ्यानं वाच. तिथं एनटीएफएस (विंडोजचं फॉरमॅट) असलेल्या कुठल्याही पार्टिशनवर फॉरमॅट लिहिलेलं दिसलं तर पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप बंद कर. तोवर काहीही बिघडलेलं नसतं.

काम दिवसा कर, बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावून. वळवाच्या दिवसांत आपल्याकडं लाइटचा भरवसा नसतो. आणि सौद्यांच्या दिवशी तर नकोच. वडिलांना संध्याकाळी पट्ट्या करायच्या असतील आणि लॅपटॉप अर्धवट उघडा पडला असेल, असं होऊ देऊ नकोस.

झाल्यावर दोन गोष्टी तुला चक्रावतील. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलास की घड्याळ साडेपाच तास मागं दिसेल, सकाळचे दहा वाजलेले असताना साडेचार. बिघाड काही नसतो. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, आणि आपला फरक बरोबर साडेपाच तासांचा. लिनक्सलाच स्थानिक वेळ ठेवायला सांग, टाइमडेट-सीटीएल या आज्ञेत "सेट लोकल आरटीसी" अशी सोय आहे. दुसरी: एखाद्या मोठ्या विंडोज अपडेटनंतर चालू होताना विंडोज की लिनक्स विचारणारा निवडीचा मेन्यूच गायब होईल आणि सरळ विंडोज उघडेल. लिनक्स गेलं नाही, फक्त बूटचा क्रम बदललाय. बायोसमध्ये उबुंटू पुन्हा वर आण. पुढं कधी एन्क्रिप्शन परत चालू केलंस तर त्या निवडीच्या मेन्यूमधून विंडोज उघडताना ते पुन्हा की मागू शकतं. तेव्हा लॅपटॉपच्या बटणानं उघडणाऱ्या बूट मेन्यूमधून थेट विंडोज बूट मॅनेजर निवड.

एक बदल वडिलांसाठी नक्की कर. मेन्यूत आपोआप विंडोज निवडलं जाईल असं ठेव. त्यांनी बटण दाबलं, चहा घेऊन आले, की समोर नेहमीची स्क्रीन दिसली पाहिजे. तुला लिनक्स हवं असेल तेव्हा तू बाण खाली घेशील, तुझं वय आहे.

आणि कधी लिनक्स काढायचं झालं तर आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला कर, त्यात एकदा उठून बघ, मगच पार्टिशन पूस. उलट्या क्रमानं केलंस तर काळ्या स्क्रीनवर "ग्रब रेस्क्यू" (ग्रब म्हणजे निवडीचा मेन्यू दाखवणारा प्रोग्राम) येऊन बसतं आणि वडिलांना वाटतं सगळं गेलं.

सीनियरला बोलाव, मदत घे, पण माउस तुझ्या हातात ठेव. सुरू करण्याआधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअप उघडलास की इथं लिही. त्यात वडिलांची शेवटची पट्टी कोणत्या तारखेची दिसते तेवढं कळव, मग पेनड्राइव्ह कसा तयार करायचा ते टप्प्याटप्प्यानं सांगतो.